ॲल्युमिनियमवर गंजरोधक ऑक्साइड थर: मिश्रधातूच्या निवडीपासून सीलिंगच्या तपासणीपर्यंत

ॲल्युमिनियमला गंज चढत नाही, असे सर्रास म्हटले जाते. कोरड्या, स्वच्छ हवेपुरते ते खरेही आहे. ताज्या कापलेल्या पृष्ठभागाला हवा लागताच त्यावर काही नॅनोमीटर जाडीचा ऑक्साइडचा पापुद्रा धरतो आणि खालचा धातू झाकला जातो. ओरखडा पडला तरी पापुद्रा पुन्हा धरतो. पण दोन गोष्टी त्याला सोसत नाहीत. पीएच साधारण ४ च्या खाली किंवा ९ च्या वर गेला की तो विरघळतो. आणि क्लोराइड, म्हणजे खारे पाणी, खारी हवा, घामाचे हात, त्यातल्या कमकुवत जागा शोधून तिथे बारीक खड्डे पाडते. वरून फक्त पांढरी भुकटी दिसते. ती पुसली की सुईच्या टोकाएवढे छिद्र उरते आणि त्याच्या आत धातू बराच पोखरलेला असतो.

या नैसर्गिक पापुद्र्याच्या जागी हजारो पट जाड ऑक्साइड थर मुद्दाम वाढवणे, हे ॲनोडायझिंगचे काम. या लेखात मुख्यतः गंधकाम्लातल्या म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमधल्या ॲनोडायझिंगचे टप्पे दिले आहेत, कारण बहुतेक ठिकाणी तीच पद्धत वापरतात. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. नवख्या माणसाचे सगळे लक्ष रेक्टिफायरच्या (टाकीला डीसी वीज पुरवणाऱ्या यंत्राच्या) काट्यावर आणि थराच्या मायक्रॉनवर असते. गंजापासून बचाव होणार की नाही, हे मात्र बरेचसे त्या टाकीच्या आधी आणि नंतर ठरते: कोणता मिश्रधातू घेतला, तो किती स्वच्छ केला आणि शेवटी सीलिंग, म्हणजे थरातली सूक्ष्म छिद्रे बंद करण्याचे काम, किती प्रामाणिकपणे केले. पंचवीस मायक्रॉनचा पण नीट सील न झालेला थर समुद्रकाठी बारा मायक्रॉनच्या चांगल्या सील केलेल्या थरापुढे हरतो, म्हणून लेखातही त्या भागांना जास्त जागा दिली आहे.

थर कसा वाढतो

जॉबला, म्हणजे ज्या भागावर थर द्यायचा त्याला, धन टोक जोडून तो आम्लात बुडवला की ॲल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ऑक्साइड तयार होऊ लागतो. त्याच वेळी आम्ल तो थोडाथोडा विरघळवतही असते. या दोन क्रियांच्या रस्सीखेचीतून मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना उभी राहते: षटकोनी पेशी आणि प्रत्येक पेशीच्या मधोमध वरपर्यंत उघडे असलेले एक सूक्ष्म छिद्र. केलर, हंटर आणि रॉबिन्सन या संशोधकांनी १९५३ मध्ये मांडलेले हे चित्र आजही पायाभूत मानले जाते. गंधकाम्लात ही छिद्रे साधारण दहा ते वीस नॅनोमीटर रुंद असतात आणि एका चौरस सेंटिमीटरमध्ये ती अब्जावधी असतात. छिद्रांच्या तळाशी, धातूला लागून, एक पातळ सलग पडदा असतो. त्याला बॅरियर थर म्हणतात. त्याची जाडी व्होल्टेजवर ठरते, दर व्होल्टला साधारण एक नॅनोमीटर किंवा किंचित जास्त. म्हणजे १५ व्होल्टला तो वीस नॅनोमीटरच्या आसपास भरतो.

यावरून सीलिंगचे महत्त्व कळते. थर वीस मायक्रॉनचा असला तरी छिद्रे उघडी राहिली, तर क्लोराइड आणि धातू यांच्यामध्ये खरा अडसर त्या वीस नॅनोमीटरच्या पडद्याचाच असतो.

आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या. हा थर रंगासारखा वरून बसत नाही, तो धातूतूनच तयार होतो. साध्या गंधकाम्ल थरात जाडीचा सुमारे दोन तृतीयांश भाग मूळ पृष्ठभागाच्या आत आणि एक तृतीयांश बाहेर असतो. हार्ड ॲनोडायझिंगमध्ये, म्हणजे थंड टाकीत जाड आणि कठीण थर वाढवताना, हे प्रमाण जवळजवळ निम्मे निम्मे होते.

पहिला टप्पा: मिश्रधातू ओळखा

मिश्रधातूची खात्री नसेल तर काम सुरूच करू नका. मिल टेस्ट सर्टिफिकेट (धातू बनवणाऱ्या कारखान्याचा तपासणी दाखला) मागा, नाहीतर स्पेक्ट्रोमीटरवर तपासून घ्या. एकाच रॅकवर (जॉब टाकीत टांगायच्या चौकटीवर) दोन वेगळे मिश्रधातू लावले की करंट दोघांत असमान वाटला जातो आणि दोन्ही बिघडतात.

६००० मालिका, म्हणजे मॅग्नेशियम आणि सिलिकॉन असलेले ६०६१, ६०६३, ६०८२, या कामाला उत्तम. थर स्वच्छ, एकसारखा आणि पारदर्शक येतो. ५००० मालिकेत मॅग्नेशियम असते. ५०५२ आणि ५०८३ मुळातच खाऱ्या पाण्याला चांगले तोंड देतात आणि थरही चांगला घेतात. जवळपास शुद्ध असलेली १००० मालिका सोपी, पण नरम.

खरी अडचण २००० मालिकेत येते. २०२४ मध्ये तांबे सुमारे ४ ते ५ टक्के असते. हे तांबे ॲल्युमिनियमसोबत वेगळे कण बनवते. त्या कणांचे विद्युत विभव आजूबाजूच्या धातूपेक्षा वेगळे असल्यामुळे मीठ आणि ओल मिळताच प्रत्येक कण स्वतःची छोटी बॅटरी चालवतो आणि भोवतालचा धातू खाल्ला जातो. ॲनोडायझिंगमध्येही हे कण विरघळतात, ऑक्सिजन सुटतो, थरात पोकळ्या राहतात आणि त्याच करंटला थर कमी जाड येतो. म्हणून २०२४ वरचा थर ६०६१ वरच्या तेवढ्याच जाडीच्या थराइतके संरक्षण देईल, अशी अपेक्षा ठेवू नये. ताकदीसाठी तो धातू घ्यावाच लागला, तर ॲनोडायझिंगवर प्रायमर आणि रंग हवाच. ७०७५ मध्ये तांबे दीड टक्क्याच्या आसपास असते. त्याचे वागणे २०२४ आणि ६०६१ यांच्या मधले.

ओतीव भागांची गोष्ट वेगळी. डायकास्टिंगच्या एडीसी १२ किंवा ए ३८० मध्ये सिलिकॉन दहा टक्क्यांच्या आसपास आणि शिवाय तांबे असते. सिलिकॉनचे कण ऑक्साइड होत नाहीत, थरात तसेच अडकून राहतात. थर करडा, डागाळ आणि खंडित येतो. अशा भागांवर गंजरोधासाठी ॲनोडायझिंगचा हट्ट धरण्यापेक्षा कन्व्हर्जन कोटिंग (विजेशिवाय, नुसत्या रसायनाने धरणारा पातळ थर) करून पावडर कोट चढवणे शहाणपणाचे, असे माझे मत. ओतीव भागावर ॲनोडायझिंगच हवे असेल, तर तांबे नसलेला ए ३५६ सारखा मिश्रधातू त्यातल्या त्यात बरा.

वेल्डिंग केलेला जॉब असेल तर फिलर, म्हणजे वेल्डमध्ये भरलेली तार, कोणता वापरला ते विचारा. ४०४३ मध्ये सिलिकॉन असल्याने वेल्डचा पट्टा काळपट पडतो. ५३५६ वापरल्यास तो बराच जुळून येतो.

दुसरा टप्पा: रेखाटनातच मिटवायचे प्रश्न

ऑक्साइड पृष्ठभागाला काटकोनात वाढतो. धारदार कोपऱ्यावर दोन्ही बाजूंचे थर वाढताना मध्ये फट राहते आणि नेमके तिथूनच क्षरण सुरू होते. हार्ड ॲनोडायझिंगमध्ये २५ मायक्रॉन थराला सुमारे ०.८ मिलिमीटर आणि ५० मायक्रॉनला सुमारे १.६ मिलिमीटर गोलाई ठेवावी. साध्या थराला एवढी कडक अट नाही, पण धार बोथट करून घेणे तिथेही फायद्याचे.

मापांचा हिशेब आधी करा. साध्या थराची जाडी १८ मायक्रॉन असेल तर प्रत्येक पृष्ठभाग ६ मायक्रॉनने बाहेर येतो आणि भोकाचा व्यास १२ मायक्रॉनने घटतो. आट्यांमध्ये मामला आणखी अवघड: ६० अंशांच्या आट्याचा पिच व्यास (आट्याच्या साधारण मधल्या उंचीवर मोजलेला व्यास) बाहेर वाढलेल्या थराच्या चौपट बदलतो. ५० मायक्रॉनचा हार्ड थर दिला की पिच व्यासात सुमारे १०० मायक्रॉनचा फरक पडतो आणि बोल्ट जात नाही. आटे झाकून ठेवा किंवा आटे पाडायचा टॅप तेवढा मोठा वापरा.

स्टील, पितळ किंवा तांब्याचे इन्सर्ट बसवलेला जॉब टाकीत घालू नका. हे धातू आम्लात विरघळतात, करंट ओढून घेतात, टाकी खराब करतात आणि ॲल्युमिनियमवर थर धरत नाही. इन्सर्ट ॲनोडायझिंगनंतरच बसवावेत. एकावर एक पत्रे ठेवून रिव्हेट किंवा स्पॉटवेल्ड केलेले भागही गंधकाम्लासाठी धोक्याचे. फटीत शिरलेले आम्ल कितीही धुतले तरी निघत नाही आणि मग आतून धातू खात राहते. बेंगॉ आणि स्टुअर्ट यांनी १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये पेटंट घेतलेली क्रोमिक आम्लाची पद्धत समुद्री विमानांच्या ड्युरॅल्युमिन (तांबे असलेल्या ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या) भागांसाठी रुजली, त्यामागे हेही एक कारण होते: फटीत राहिलेले क्रोमिक आम्ल धातूला तितके झोंबत नाही. बंद नळ्यांना निचऱ्याची भोके हवीत, नाहीतर आत हवा किंवा आम्ल अडकते.

जिथे विद्युत संपर्क हवा, उदाहरणार्थ अर्थिंगची जागा, तिथे मास्किंग करा, म्हणजे ती जागा झाकून ठेवा. हा थर विद्युतरोधक असतो.

तिसरा टप्पा: रॅकला लावणे

कंटाळवाणे काम, म्हणून बहुतेक ठिकाणी सर्वांत नवख्या माणसाकडे जाते. ते चूक आहे. संपर्क ढिला असेल तर थर वाढू लागताच तो तुटतो, तिथे ठिणगी पडून जॉब जळतो किंवा त्या जॉबवर थरच येत नाही. रॅक टायटॅनियमचा किंवा ॲल्युमिनियमचा असावा. टायटॅनियम पुन्हा पुन्हा वापरता येतो, पण करंट कमी वाहून नेतो आणि फ्लोराइड असलेल्या द्रावणात खाल्ला जातो. ॲल्युमिनियमचा रॅक करंट चांगला नेतो, मात्र त्याच्यावरही थर चढतो, म्हणून दर खेपेला कॉस्टिक सोड्यात तो उतरवावा लागतो. संपर्काची खूण दिसत नाही अशा जागी ठेवा. त्या खुणेवर थर नसतो आणि गंजाची पहिली चाहूल अनेकदा तिथेच लागते. जॉब असे लटकवा की वायूचे बुडबुडे वर निघून जातील आणि पाणी खाली निथळेल.

याच टप्प्यावर सर्व जॉबचे मिळून पृष्ठफळ काढून कागदावर लिहून ठेवा, रॅक ॲल्युमिनियमचा असेल तर बुडणाऱ्या भागासह. पुढचा सगळा हिशेब त्यावर आहे.

चौथा टप्पा: साफसफाई, एचिंग, काजळी काढणे

तेल आणि ग्रीस आधी काढा. ॲल्युमिनियमसाठी बनवलेला सौम्य अल्कली क्लीनर ५० ते ६० अंश सेल्सियसला काही मिनिटे पुरतो. साफ झाले का, हे पाहायला उपकरण लागत नाही: जॉब स्वच्छ पाण्यातून उचला. पाण्याचा पडदा अर्धा मिनिट सलग राहिला तर ठीक, थेंब थेंब होऊन फाटला तर अजून तेल आहे. ही चाचणी टाळू नका. तेलाच्या डागावर एचिंग असमान होते आणि तो डाग शेवटपर्यंत दिसतो.

एचिंगसाठी कॉस्टिक सोडा लिटरला ४० ते ६० ग्रॅम, तापमान ५० ते ६० अंश, वेळ एक ते पाच मिनिटे. जुना पापुद्रा, ओरखडे आणि पृष्ठभागातले लोखंडाचे कण यात निघतात. इथे हायड्रोजन सुटतो आणि कॉस्टिकचे तुषार उडतात. टाकीवर हवा खेचणारा डक्ट, डोळ्यांना गॉगल, हातात लांब रबरी मोजे हवेतच. फार वेळ एच करू नका: मापे जातात आणि तांबे असलेल्या मिश्रधातूत कणांभोवती खड्डे पडून पुढच्या क्षरणाला आयती जागा तयार होते. मापे घट्ट असतील तर एचिंग वगळून फक्त धातू न खाणारा क्लीनर आणि डीऑक्सिडायझर (जुना ऑक्साइड काढणारे द्रावण) वापरा.

एचिंगनंतर जॉब करडा किंवा काळा दिसतो. कॉस्टिकमध्ये न विरघळलेले तांबे, लोखंड आणि सिलिकॉन यांची ती काजळी. ६००० मालिकेला नायट्रिक आम्लाचे द्रावण एक-दोन मिनिटांत पुरते. सिलिकॉन जास्त असेल तर नायट्रिकमध्ये फ्लोराइड मिसळावे लागते आणि इथे मी फार कडक आहे: फ्लोराइडयुक्त आम्लाचा एक थेंबही कातडीतून खोल जातो आणि सुरुवातीला दुखतही नाही. जवळ कॅल्शियम ग्लुकोनेट जेल नसेल आणि ते कसे वापरायचे हे टाकीवरच्या प्रत्येकाला माहीत नसेल, तर हे काम हातात घेऊ नका.

प्रत्येक टप्प्यानंतर दोन वेळा धुवा, वाहत्या पाण्यात. कॉस्टिक आम्लात आणि आम्ल कॉस्टिकमध्ये वाहून नेले की दोन्ही टाक्या हळूहळू मरतात.

पाचवा टप्पा: ॲनोडायझिंग

गंधकाम्ल लिटरला १६५ ते २०० ग्रॅम, तापमान १८ ते २२ अंश, करंट घनता चौरस डेसिमीटरला १.२ ते १.८ अँपिअर. व्होल्टेज बहुधा १२ ते २० च्या दरम्यान येते. द्रावण तयार करताना आम्ल पाण्यात, सावकाश, ढवळत ओता. पाणी आम्लात कधीच नाही. ऋण टोकाला शिशाचे किंवा ॲल्युमिनियमचे पत्रे लावतात. तिथे हायड्रोजन सुटतो, म्हणून जवळपास ठिणगी नको आणि हवा खेळती हवी.

जाडीचा हिशेब सोपा आहे. मायक्रॉनमधली जाडी म्हणजे साधारण ०.३ गुणिले करंट घनता गुणिले मिनिटे. समजा एकूण पृष्ठफळ ४० चौरस डेसिमीटर आहे आणि १८ मायक्रॉन हवे आहेत. घनता १.५ धरली तर करंट ६० अँपिअर लावायचा आणि वेळ १८ भागिले ०.४५, म्हणजे ४० मिनिटे. करंट एकदम लावू नका. मिनिट-दोन मिनिटांत हळूहळू चढवा, २००० मालिकेत त्याहून सावकाश.

आता उष्णतेचा विचार. ६० अँपिअर आणि १६ व्होल्ट म्हणजे जवळजवळ एक किलोवॅट उष्णता त्या टाकीत सतत पडते. शिवाय ऑक्साइड तयार होतानाची रासायनिक उष्णता वेगळी. तापमान २२ च्या वर सरकले की आम्ल थर जास्त विरघळवते, छिद्रे वरच्या बाजूने रुंदावतात आणि थर भुसभुशीत होतो. बोटाने घासला तर पांढरी पूड हाताला लागते. असा थर जाडीमापकावर उत्तीर्ण होतो आणि वापरात नापास. चिलरची, म्हणजे द्रावण थंड करणाऱ्या यंत्राची, क्षमता हीच टाकीची खरी क्षमता, रेक्टिफायरची नव्हे. खालून हवेचे बुडबुडे सोडून द्रावण सतत हलते ठेवा. जॉबला लागून असलेले द्रावण बाकी टाकीपेक्षा गरम असते आणि थर्मामीटरला ते दिसत नाही.

द्रावणाची नियमित तपासणी हवी. मुक्त आम्ल आणि विरघळलेले ॲल्युमिनियम टायट्रेशनने मोजतात. ॲल्युमिनियम लिटरला ५ ते १५ ग्रॅम असले की टाकी स्थिर चालते. अगदी नव्या टाकीत थोडे जुने द्रावण मिसळतात ते याचसाठी. २० ग्रॅमच्या वर गेले की काही द्रावण काढून नवे घाला. क्लोराइडकडे खास लक्ष द्या. लिटरला ०.१ ग्रॅम एवढ्यानेही टाकीतच खड्डे पडू शकतात, आणि ते बहुधा नळाच्या पाण्यातून येते. म्हणून द्रावण नेहमी डीआयोनाइज्ड (क्षार काढलेल्या) पाण्यात बनवा.

जाडी किती? आतल्या कोरड्या वापराला ५ ते १० मायक्रॉन, उघड्यावर १५ ते २०, समुद्रकाठी किंवा रासायनिक कारखान्यांच्या परिसरात २० ते २५. आयएसओ ७५९९ या आंतरराष्ट्रीय मानकामध्ये जाडीचे वर्ग असेच मायक्रॉनवरून आहेत. ऑर्डरवर नुसते ॲनोडायझिंग करा असे लिहिणे म्हणजे वाद ओढवून घेणे. वर्ग, मिश्रधातू आणि सीलिंगचा प्रकार तिन्ही लिहा.

घर्षणही असेल तर हार्ड ॲनोडायझिंग: शून्याच्या आसपास तापमान, चौरस डेसिमीटरला २ ते ४ अँपिअर, व्होल्टेज शेवटी बरेच वर चढते आणि जाडी बहुधा २५ ते ५० मायक्रॉन किंवा पुढे. पण जाड आणि कठीण थर म्हणजे गंजाला आपोआप भारी, हा गैरसमज आहे. हार्ड थर बरेचदा सील करत नाहीत, कारण गरम सीलिंगने झीज सोसण्याची ताकद घटते. घर्षण आणि खारी हवा दोन्ही असतील, तर कशाला झुकते माप द्यायचे ते आधी ठरवा. शिवाय प्रत्येक ॲनोडिक थर ठिसूळ असतो आणि भागाची थकवा, म्हणजे वारंवार येणारा ताण, सोसण्याची क्षमता कमी करतो, जाड थर जास्त. सतत हादरे खाणाऱ्या भागात हे विसरून चालणार नाही.

सहावा टप्पा: धुणे आणि सीलिंग

टाकीतून काढलेला जॉब लगेच, भरपूर धुवा. छिद्रांत आम्ल भरलेले असते. ते सीलिंगच्या टाकीत गेले तर तिथला पीएच खाली जातो. रंग द्यायचा असेल तर तो याच क्षणी, सीलिंगच्या आधी. जॉब तासन्तास तसाच ठेवून मग रंगवू नका, छिद्रे आपोआप मिटू लागतात.

गरम पाण्याच्या सीलिंगमध्ये ऑक्साइड पाण्याशी संयोग पावून बोहमाइट बनतो. त्याचे आकारमान जास्त असल्याने तो फुगतो आणि छिद्राचे तोंड बंद करतो. बोहमाइट नीट बनण्यासाठी पाणी ९६ अंशांच्या वर, जवळजवळ उकळते हवे. ८० अंशांच्या खाली जे हायड्रॉक्साइड बनते ते तितके घट्ट बसत नाही. वीज वाचवायला टाकी ९० वर चालवणारे लोक आहेत. ते प्रत्यक्षात आपला गंजरोध विकत असतात. पीएच ५.५ ते ६.५. वेळ प्रत्येक मायक्रॉनला दोन ते तीन मिनिटे: १८ मायक्रॉनच्या जॉबला पाऊण तास. म्हणजे सीलिंगला ॲनोडायझिंगइतकाच किंवा जास्त वेळ लागतो, आणि उत्पादनाची घाई झाली की कात्री पहिली इथेच लागते.

पाण्याची शुद्धता इथे सर्वांत महत्त्वाची. सिलिकेट आणि फॉस्फेट पाण्यात काही पीपीएम (दशलक्षात काही भाग) असले तरी ते पृष्ठभागावर बसून बोहमाइट बनणे रोखतात. सगळे आकडे बरोबर असतानाही सील होत नसेल, तर आधी पाणी तपासा. क्लीनरमध्ये सिलिकेट किंवा फॉस्फेट असेल आणि धुणे कच्चे असेल, तर तेच विष सीलिंगपर्यंत पोहोचलेले असते.

निकेल ॲसिटेटचे द्रावण थोड्या कमी तापमानाला चालते आणि रंगीत मालावर रंग धरून ठेवते. निकेल फ्लोराइडचे थंड सीलिंग २५ ते ३० अंशांना काही मिनिटांत होते, पण त्यातला फ्लोराइड सतत मोजून भरावा लागतो आणि पूर्ण पक्के व्हायला दिवसभर थांबावे लागते. पाठोपाठ गरम पाण्यात बुडवले तर ते लवकर बसते. निकेलची ॲलर्जी आणि सांडपाण्यातले निकेल, दोन्हींचा बंदोबस्त हवा. सोडियम डायक्रोमेटचे सीलिंग गंजरोधात जुने आणि भारी, पण त्यात षट्संयुजी क्रोमियम असतो आणि तो कर्करोगकारक आहे. ग्राहकाने स्पष्ट मागितल्याशिवाय आणि परवानगी, सांडपाणी प्रक्रिया दोन्ही असल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नये.

सीलिंगनंतर पृष्ठभागावर पांढुरकी भुकटी आली तर ती बोहमाइटच आहे, बाहेरच्या बाजूला वाढलेली. ओल्या फडक्याने जात असेल तर काळजी नको.

सातवा टप्पा: तपासणी

जाडी एडी करंट मापकाने मोजतात. त्याच मिश्रधातूच्या, थर नसलेल्या तुकड्यावर मापक आधी शून्य करा. जॉबच्या सपाट भागावर, कडांजवळ आणि खोबणीत मोजा. सरासरी नव्हे, सर्वांत कमी आकडा महत्त्वाचा.

सीलिंगची रोजची तपासणी रंगाच्या थेंबाने होते. आयएसओ २१४३ मध्ये आधी आम्लाचा थेंब, मग एक मिनिट रंगाचा थेंब, मग धुऊन घासायचे. रंग राहिला तर छिद्रे उघडी आहेत. वाद झाला तर निकाल वस्तुमान घटीच्या चाचणीचा, आयएसओ ३२१० मधला: नमुना ३८ अंशांच्या फॉस्फोरिक आम्लाच्या द्रावणात पंधरा मिनिटे ठेवतात आणि चौरस डेसिमीटरला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घट झाली तर सील नापास. ती विध्वंसक चाचणी असल्याने प्रत्येक खेपेला त्याच मिश्रधातूची एक छोटी पट्टी रॅकवर लावून ठेवा.

सॉल्ट स्प्रे या गंजाच्या चाचणीत ३५ अंशांवर ५ टक्के मिठाचे तुषार सोडतात. अमेरिकी लष्करी मानक मिल-ए-८६२५ मध्ये सील केलेल्या थरासाठी ३३६ तासांची, म्हणजे चौदा दिवसांची चाचणी आहे. ती खेपेखेपेत तुलना करायला उत्तम, पण इतके तास टिकला म्हणजे उघड्यावर इतकी वर्षे टिकेल, असे गणित कोणी मांडले तर विश्वास ठेवू नका. आयएसओ ९२२७ मधल्या ॲसिटिक आम्लाच्या आणि तांब्याचे क्षार मिसळलेल्या चाचण्या ॲनोडाइज्ड मालाचे दोष लवकर उघडे पाडतात.

दोष कुठून आला हे ओळखण्याची एक युक्ती: खड्डे ठिपक्यांसारखे आणि थराखाली काळे असतील तर मिश्रधातू किंवा क्लोराइड, पृष्ठभागभर पुसट पांढरेपणा असेल तर सीलिंग, आणि फक्त कडांवर असेल तर गोलाई किंवा जळालेला थर.

गंधकाम्ल बसत नसेल तेव्हा

विमानांच्या कामात, थकव्याची काळजी असलेल्या पातळ भागांना क्रोमिक आम्लाचा दोन ते पाच मायक्रॉनचा थर बरीच दशके दिला गेला. युरोपात रसायनांवरच्या रीच कायद्याखाली क्रोमियम ट्रायऑक्साइडच्या वापराला सप्टेंबर २०१७ पासून परवानगी लागते. त्याच्या जागी बोरिक-सल्फ्युरिक आणि टार्टारिक-सल्फ्युरिक द्रावणे आली आहेत. थर पातळच असतो, पण वर प्रायमर दिल्यावर निकाल चांगला मिळतो. इथे एक बारकावा: रंग किंवा प्रायमर द्यायचा असेल तर पूर्ण गरम सीलिंग करू नका. उघड्या छिद्रांत रंग पकड घेतो, बंद थरावर सोलून निघतो.

प्लाझ्मा इलेक्ट्रोलिटिक ऑक्सिडेशनमध्ये सिलिकेट असलेल्या अल्कली द्रावणात शेकडो व्होल्ट लावतात. पृष्ठभागावर बारीक ठिणग्या उडतात आणि थराचा काही भाग अल्फा ॲल्युमिनात (ॲल्युमिनियम ऑक्साइडच्या फार कठीण स्फटिक रूपात) बदलतो. थर फार कठीण, आम्लाची कटकट नाही, सिलिकॉनवाल्या ओतीव भागांवरही धरतो. पण वीज खूप खातो, आणि बाहेरचा भाग सच्छिद्र असल्याने गंजरोधासाठी त्यालाही वरून सीलर लागतो. विद्युत संपर्क हवा असेल किंवा भाग अगदी नाजूक असेल तर त्रिसंयुजी क्रोमियमचे कन्व्हर्जन कोटिंग पाहा.

वापरात आल्यावर

ॲनोडाइज्ड थर पीएच साधारण ४ ते ९ मध्येच सुरक्षित. ओले सिमेंट, चुना, कॉस्टिकयुक्त फरशी क्लीनर आणि आम्लाचे क्लीनर काही तासांत कायमचे डाग पाडतात. बांधकाम चालू असताना खिडक्यांच्या चौकटींवर फिल्म ठेवा आणि काम संपताच काढा. उन्हात महिनोन्महिने राहिलेली फिल्म निघत नाही. धुताना उदासीन साबण आणि मऊ फडके. पावसाचे पाणी न पोहोचणाऱ्या छज्जाखालच्या जागा जास्त वेळा धुवा, कारण मीठ तिथेच साठते.

थर तापला की बारीक तडे जातात. ऑक्साइडचे प्रसरण धातूच्या सुमारे एक पंचमांश असल्याने ८० ते १०० अंशांच्या वर, जाड थर आधी, जाळीसारखा फुटतो. ॲनोडायझिंगनंतर वाकवणे किंवा वेल्डिंग करणे तर नकोच.

जोडणीत स्टील किंवा तांब्याचा संपर्क आला की ओल्या जागी ॲल्युमिनियम बळी जातो. थर विद्युतरोधक असला तरी बोल्ट आवळताना भोकाच्या कडेला तो फुटतोच. तिथे नायलॉनचे किंवा प्लास्टिकचे वॉशर आणि बुशिंग, सीलंट आणि शक्य असेल तर स्टेनलेस बोल्ट वापरा. मोठ्या स्टीलच्या भागाला जोडलेली छोटी ॲल्युमिनियम पट्टी ही सर्वांत वाईट रचना.

थराला खोल ओरखडा गेला तर तेवढाच भाग जागेवर पुन्हा ॲनोडाइज सहसा करत नाहीत. छोट्या जागेवर घासून, पुसून कन्व्हर्जन कोटिंगचा पेन आणि वर रंग लावतात. मोठे नुकसान असेल तर जुना थर पूर्ण उतरवून सगळी प्रक्रिया पहिल्यापासून करावी लागते. उतरवताना थरात गेलेला धातू परत येत नाही, म्हणून घट्ट मापाचा भाग असेल तर किती वेळा उतरवता येईल याचा हिशेब मापे हातात घेऊन करा आणि जॉबच्या कागदावर नोंदवून ठेवा.